लोकरीच्या धाग्याचा धागा : त्रेचाळिसाव्या वर्षी ग्लायडर शिकताना

उत्तरा_रामबाग
२३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मंडळी, नाव वाचून विणकामाचा विभाग उघडला की काय असं वाटेल. तसं नाही. ग्लायडरच्या (म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाच्या) काचेवर, अगदी डोळ्यांसमोर, लोकरीचा एक वीतभर तुकडा चिकटवलेला असतो. लाखो रुपयांच्या त्या यंत्रातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरं बोलणारं उपकरण तेच. त्याच्याकडे नंतर येते, आधी माझं सांगते.

इंदूरला रामबागेत राहते. कर सल्लागाराच्या ऑफिसात हिशेब बघते. वय ४३, चष्मा आहे, पोहता येत नाही, जत्रेतल्या पाळण्यात बसलं की पोटात ढवळतं. आणि या महिन्यापासून महिन्यातले दोन शनिवार-रविवार पुण्याला जाऊन ग्लायडर शिकते आहे. इथे कुणी शिकलं असेल तर अनुभव हवेत. कुणाला शिकायचं असेल तर माझे घ्या. (फी आणि अर्जाबद्दल इथे लिहिणार नाही. दर बदलत राहतात. मी आज लिहीन आणि दोन वर्षांनी कुणीतरी तो आकडा माझ्या तोंडावर मारेल.)

खूळ जुनं आहे. लहानपणी बाबांच्या स्कूटरवरून देवगुराडियाला शंकराच्या दर्शनाला जायचो. त्या बाजूला तेव्हा शहराचा कचरा पडायचा आणि त्यावर घारीच घारी. आता तो डोंगर साफ झाला, घारी पांगल्या. मी देवळात कमी आणि वर जास्त बघायचे. पंख न हलवता घार वर कशी जाते, असं विचारलं तर बाबा म्हणाले, "गरम हवा उचलते तिला. चहाची वाफ बघ." एवढं उत्तर मला पस्तीस वर्षं पुरलं.

शुक्रवारी रात्री बस. आमच्या विमानतळाशेजारच्या टेकडीवर बिजासन माता, आणि सेंधव्यापुढच्या घाटातही बिजासनच. सासूबाईंनी बजावलंय, दोघींना हात जोडायचे. सकाळी मावशीकडे आंघोळ, चहा आणि थेट मैदान.

पहिल्या दिवसाचा हिशेब देते, माझा धंदाच तो. मैदानावर नऊ तास. चार उड्डाणं. हवेत एकूण २१ मिनिटं. उरलेल्या वेळात ग्लायडर ढकलला, पंखाचं टोक धरून पळाले, केबल आणणाऱ्या गाडीत बसून धूळ खाल्ली, दुसऱ्यांच्या उड्डाणांच्या वेळा वहीत लिहिल्या आणि टोपी विसरल्यामुळे नाक भाजून घेतलं. यातलं काहीच मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. ग्लायडर एकट्याने उडवता येतो, पण एकट्याने आकाशात नेता येत नाही. खाली पाच-सहा माणसं राबतात तेव्हा वर एक जातो. तुमची पाळी झाली की तुम्ही राबायचं.

आता ती पहिली पाच मिनिटं. मी पुढच्या सीटवर, सर मागे. मूठ रंगावरून ओळखायची: पिवळी ओढली की केबल सुटते, निळी ओढली की पंखांवर एअरब्रेक (हवा अडवणाऱ्या पट्ट्या) उभे राहतात, हिरवी ट्रिमची, म्हणजे नाक हवं तिथे स्थिर ठेवण्याची, लाल मूठ काच फेकून देण्याची (तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही असं मी ठरवलं). बाहेर एकाने पंख उचलून सपाट धरला. केबलचा ढिलेपणा संपला, एक हिसका बसला, आणि तीन-चार सेकंदांत चाकाची खडखड थांबली. मग जे झालं त्याची तयारी नव्हती. समोरची जमीन, झाडं, इमारती सगळं गायब; फक्त निळं. पाठीवर झोपल्यासारखी मी आणि पायांच्या पलीकडे आकाश. अर्ध्या-पाऊण मिनिटात सव्वातीनशे मीटर. वर पोचल्यावर सर म्हणाले, "ओढा पिवळी." खट्ट. नाक खाली आलं आणि सगळं पुणं समोर पसरलं.

लोक म्हणतात, वर शांतता असते. मुळीच नसते. वाऱ्याचा सतत 'स्स्स' आवाज असतो, आणि तो आवाजच वेग सांगतो. आवाज वाढला की नाक खाली गेलंय, आवाज विरायला लागला की वेग मरतोय. सरांनी दुसऱ्या उड्डाणात वेगमापकावर रुमाल टाकला आणि म्हणाले, "आता कानाने उडवा."

पुढचं पुढच्या फेरीनंतर.

---

गराडूवाला
२३ नोव्हेंबर, रात्री ११:०५

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत, ताई! एक बावळट प्रश्न. इंजिन नाही तर सव्वातीनशे मीटर वर नेतं कोण?

---

उत्तरा_रामबाग
२३ नोव्हेंबर, रात्री ११:२०

बावळट नाही, माझ्या नवऱ्याने हाच विचारला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच असतं. ट्रकसारखं दणकट इंजिन आणि त्यावर मोठं रीळ. तिथून सुमारे एक किलोमीटर केबल आपल्यापर्यंत आणतात आणि ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकात अडकवतात. विंच केबल भराभर गुंडाळतं आणि आपण पतंगासारखे चढतो. पतंगाला दोरा नाकाला नाही, पोटाशी बांधतात ना? तेच. विंचवाला आपल्याला चढताना बघत असतो आणि वेग कमी-जास्त करतो. संक्रांतीला गच्चीवर चक्री धरणाऱ्या धाकट्या भावाचं महत्त्व मला आता कळलं.

विंच नसेल तर लहान विमान दोराने ओढत नेतं. ते महाग, पण उंची जास्त मिळते.

---

सासवड_रोड
२४ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

हडपसरकर इकडे. शाळेत असल्यापासून सासवड रस्त्यावरून जाताना डोक्यावर ते लांब पांढरे पंख बघत आलो. आमची पिढी त्याला 'मुकं विमान' म्हणायची. कधी आत जाऊन विचारलं नाही. इंदूरची बाई रात्रभर बस करून येते आणि आम्ही कुंपणाबाहेर! लाज वाटली.

---

जुना_कॅडेट
२४ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

उत्तराताई, जिवंत केलंत. मी सत्तरीच्या घरात आहे, पलसीकर कॉलनीत राहतो. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो आणि कॅम्पात 'रोहिणी'त बसलो आहे. ती लाकडी, वर कापड ताणलेलं. आणि सीटा मागे-पुढे नाहीत, शेजारी-शेजारी, मोटारीसारख्या. शिकवणाऱ्याचा चेहरा दिसायचा. हा फायदा की तोटा, ते त्याच्या चेहऱ्यावर अवलंबून.

आजच्या मुलांना माहीत नसतं म्हणून सांगतो. आपल्या नागरी विमान खात्याच्या तांत्रिक केंद्राने स्वतःचे ग्लायडर आखून बनवले होते. रोहिणी १९६१ सालची. आणि नावं बघा: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आणि मग हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेला आर्द्रा. आकाशात फिरणाऱ्यांना आकाशातलीच नावं. ज्याने ठेवली त्याच्या घरी पंचांग भिंतीवर असणार.

---

गराडूवाला
२४ नोव्हेंबर, सकाळी १०:०२

काका, कमाल! पण रोहिणी, मृग, आर्द्रा ही तर पावसाची नक्षत्रं. तेव्हा तर ग्लायडर हँगरमध्ये असणार! आणि पुनर्वसूचं काय झालं?

---

जुना_कॅडेट
२४ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

पुनर्वसू मी तरी बघितला नाही. गाडी आर्द्रातच रुतली म्हणायची. आणि हो, मृगात आम्ही हँगरमध्ये पंख पुसत बसायचो.

---

नफा_तोटा
२४ नोव्हेंबर, दुपारी १:१५

कौतुक आहे, पण कुणीतरी वाकडा प्रश्न विचारायला हवा म्हणून मी. महिन्याला दोन फेऱ्या, बसभाडं, फी, सगळं मिळून हवेत चाळीस मिनिटं? आणि जीवाची जोखीम वेगळी. इंजिनवाल्या विमानाचं इंजिन बंद पडलं तर बातमी होते. तुमचं तर सुरुवातीपासूनच बंद. घरी मूलबाळ असताना हे आवश्यक आहे का?

---

उत्तरा_रामबाग
२४ नोव्हेंबर, रात्री ९:००

आवश्यक अजिबात नाही. आमच्या सराफ्यात (रात्री तिथे खाऊगल्ली भरते) रात्री अकराला दहीवडा खाणंही आवश्यक नाही.

पैशाचं म्हणाल तर दर मिनिटाचा दर मी काढलाय आणि तो नवऱ्याला सांगितलेला नाही. जोखमीचं मात्र गंभीरपणे लिहिते, कारण मीही हाच विचार केला होता. हे यंत्र खाली येण्यासाठीच बनवलेलं आहे. आमच्यासारख्या शिकाऊ ग्लायडरचं सरकण्याचं गुणोत्तर ३४ ला १ असतं: एक मीटर खाली येताना चौतीस मीटर पुढे. ३०० मीटरवरून, वारा नसेल तर, कागदावर दहा किलोमीटर. आम्हाला शिकवतात की त्यातलं निम्मंच आपलं समजायचं आणि मैदान कायम हाताशी ठेवायचं. खाली येण्याची गती सेकंदाला साधारण एक मीटर, म्हणजे ३०० मीटरची पाच मिनिटं. तुम्ही विचारलेली चाळीस मिनिटं तिथूनच येतात.

धोका आहेच. तो बहुतेक वेळा उंचीवर नसतो, जमिनीजवळ असतो: केबल तुटली, वेग मरू दिला, वळण उशिरा घेतलं. आणि हे सगळं चुकणारं माणूसच असतं, इंजिन नव्हे. हिशेब तपासणाऱ्या बाईला हे पटतं.

---

हॅम्लेटची_मावशी
२४ नोव्हेंबर, रात्री ९:४५

नफातोटाजी, इंजिन बंद पडण्यावरून आठवलं. १९८३ साली कॅनडात एअर कॅनडाचं बोइंग ७६७ एक्केचाळीस हजार फुटांवर इंधन संपून दोन्ही इंजिनं बंद होऊन बसलं. इंधन मोजताना किलोच्या जागी पौंड धरले गेले होते. कप्तान रॉबर्ट पीअरसन हौशी ग्लायडर-वैमानिक होते. त्यांनी विमान सरकवत गिमली नावाच्या जुन्या हवाई तळापर्यंत आणलं. तिथे त्या दिवशी मोटारींच्या शर्यतीची जत्रा भरलेली! उंची जास्त राहिली होती म्हणून ग्लायडरवाले करतात तसं विमान तिरकं घसरवून उतरवलं. ६९ माणसं, सगळी वाचली.

---

उत्तरा_रामबाग
२४ नोव्हेंबर, रात्री ९:५५

किलोच्या जागी पौंड! आमच्या ऑफिसात हे झालं असतं तर निदान सुधारित विवरणपत्र भरता आलं असतं.

---

उत्तरा_रामबाग
९ डिसेंबर, रात्री १०:३०

दुसरी आणि तिसरी फेरी झाली. सांगायला लाज वाटते, पण सांगते: एका दिवसाच्या तिसऱ्या उड्डाणात ओकले. पिशवी होती, इज्जत वाचली. कारण माझंच. शनिवारी सकाळी मावशीने पोटभर साबुदाण्याची खिचडी घातली होती आणि मी वर गोल-गोल वळणं घेताना खाली बघत राहिले. आता नाश्ता अर्धा, पाणी भरपूर आणि नजर क्षितिजावर. स्वतःच्या हातात काठी (ग्लायडर वळवायचा दांडा) असली की मळमळत नाही, हेही कळलं. स्वयंपाक करणाऱ्याला फोडणीचा ठसका कमी लागतो, तसंच काहीसं.

दुसरी गंमत वजनाची. पुढच्या सीटवर किमान ७० किलो लागतात. माझे ५४, वर पाठीच्या पॅराशूटचे काही. पुढचं वजन कमी पडलं तर ग्लायडर शेपटीकडे जड होतो आणि नाक सावरत नाही. म्हणून माझ्यासाठी शिशाची वजनं बसवतात. "मॅडम, तुमचं वजन कमी पडतंय," हे वाक्य लग्नानंतर मी पहिल्यांदा ऐकलं. सरांना म्हटलं, लिहून द्या.

आता तो धागा.

काठी डावीकडे ढकलली की ग्लायडर डावीकडे कलतो, पण त्याच क्षणी त्याचं नाक उजवीकडे पळतं. उजवा पंख वर उचलला जाताना हवेत जास्त अडतो आणि मागे राहतो, म्हणून. पंख लांब असल्यामुळे ग्लायडरमध्ये ही खोड फार. त्यावर इलाज पायांचा: काठी डावीकडे नेताना डावा पायही तेवढाच दाबायचा. हात आणि पाय एकत्र. वीस वर्षं गाडी चालवलेल्या माझ्या पायांना क्लच आणि ब्रेक कळतात. वळायला पाय लागतो हे त्यांना मान्यच नाही.

इथे लोकर कामाला येते. ग्लायडर नीट सरळ हवेत चालला असेल तर धागा काचेवर मधोमध, सरळ मागे. पाय चुकला की धाग्याची शेपटी बाजूला जाते. शेपटी उजवीकडे गेली तर डावा पाय, डावीकडे गेली तर उजवा. बास. यात तारा नाहीत, सेल नाही, बिघडायला काही नाही. राइट बंधूंनीही आपल्या यंत्रावर असाच दोरा लावला होता. माझा धागा पहिल्या दिवशी कुत्र्याच्या शेपटीसारखा हलत होता. सर मागून एकच शब्द म्हणायचे: "पाय." वळताना "पाय." सरळ होताना "पाय." शेवटी म्हणाले, "उत्तराताई, तुमचे पाय इंदूरलाच राहिले का?"

पंधराव्या उड्डाणात एक पूर्ण गोल धागा मधोमध राहिला. तीस सेकंद असतील. त्या दिवशी मावशीकडे तिसरी पोळी मागून घेतली.

---

गराडूवाला
९ डिसेंबर, रात्री १०:५०

"तुमचे पाय इंदूरलाच राहिले का." भिया, हे टीशर्टवर छापायला पाहिजे.

---

श्टुटगार्टची_इंदोरी
१० डिसेंबर, पहाटे २:१०

जेल रोडवर वाढलेली, आता दहा वर्षं जर्मनीत. उत्तराताई, तुमची शिशाची वजनं वाचून हसू आलं, माझ्याही सीटखाली होती.

इकडचं थोडं लिहिते. पहिल्या महायुद्धानंतर तहाने जर्मनांच्या इंजिनवाल्या विमानांवर बंधनं आली, मग तरुण पोरं टेकड्यांवरून बिनइंजिनाची उडवायला लागली. १९२० पासून वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर तर मेळावेच भरायला लागले. त्याच्याही आधी, १८९० च्या दशकात, बर्लिनजवळ ओटो लिलियनथाल स्वतः केलेल्या टेकडीवरून पंख लावून धावत सुटायचा. दोन हजारांवर उड्या मारल्या त्याने आणि १८९६ मध्ये त्यातच गेला. इथे १४ वर्षांचं पोर एकटं ग्लायडर उडवतं. गाडीचा परवाना नसतो, आई मैदानावर सोडायला येते.

क्लब म्हणजे आपलं गणेशोत्सव मंडळ. उन्हाळ्यात सगळे मैदानावर, हिवाळ्यात वर्कशॉपमध्ये. ठरलेले तास पंख घासले, रंगवले, दुरुस्त केले नाहीत तर जास्तीचे पैसे भरा. रविवारी केक घरून आणायचा. मी एकदा चकल्या नेल्या, तेव्हापासून केक माफ.

एकटीने पहिल्यांदा उडून आले त्या दिवसाची गोष्ट. उतरले, काच उघडली, आणि सगळा क्लब रांगेत उभा. परंपरा अशी की प्रत्येकाने बुडावर एक चापट मारायची. कारण विचारलं तर म्हणे, थर्मल (वर उठणारी गरम हवा) आधी बुडाला कळतो. ते जरा हुळहुळं झालेलं बरं. मग हातात काट्याकुट्यांच्या रानफुलांचा गुच्छ. आमच्या विंचवाल्या आजोबांनी नुसता हात मिळवला आणि म्हणाले, "तुला आता कुणी वाचवायला मागे नाही." ते वाक्य चापटांपेक्षा जास्त लागलं.

---

नफा_तोटा
१० डिसेंबर, सकाळी ८:३०

बुडाला कळतो म्हणजे? हे खरंच की थट्टा?

---

श्टुटगार्टची_इंदोरी
१० डिसेंबर, दुपारी ३:००

अगदी खरं. लिफ्ट, म्हणजे हवेचं वर उचलणं, सुरू होतानाच सीट खालून ढकलते. व्हॅरिओमीटरची सुई, म्हणजे वर जातोय की खाली हे दाखवणारं यंत्र, ते थोडं उशिरा बोलतं. आणि एक पंख उचलला गेला तर थर्मल त्या बाजूला आहे. ग्लायडर आपणहून विरुद्ध बाजूला वळू बघतो, आपण मात्र उचललेल्या पंखाकडे वळायचं. एकाच थर्मलमध्ये दोघे-तिघे असतील तर पहिला ज्या दिशेने फिरतोय त्याच दिशेने सगळ्यांनी फिरायचं. प्रदक्षिणेसारखं, फक्त उजवी की डावी, हे पहिला ठरवतो.

---

उत्तरा_रामबाग
१३ जानेवारी, रात्री ११:१५

उद्या संक्रांत, तिळगूळ करून झाले, आता बसले लिहायला. ज्यांना नुसती मजा वाचायची आहे त्यांनी ही पोस्ट सोडली तरी चालेल. पण ज्यांना शिकायचंय त्यांनी वाचा.

शनिवारी सकाळी, त्या दिवसाचं माझं दुसरं उड्डाण. विंचवर चढत होते. नाक चांगलं वर, वेग बरोबर, मी मनात खूश. उंची ऐंशी-नव्वद मीटर असेल. एकदम 'धाड' आवाज झाला आणि पुढे ओढणारा हात निघून गेला. काय वाटलं सांगू? जिन्यात अंधारात एक पायरी जास्त आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरीच नसावी, तसं. नाक आकाशाकडे, ओढ नाही, आणि वाऱ्याचा तो 'स्स्स' भराभर विरायला लागलेला.

मला सगळं माहीत होतं. वहीत लिहिलं होतं, तीनदा म्हणून दाखवलं होतं: नाक खाली, वेग, मग बाकीचं. आणि तरी मी एक पूर्ण सेकंद काहीच केलं नाही. त्याहून वाईट म्हणजे माझा डावा हात निळ्या मुठीवर गेला. एअरब्रेक! वेग मरत असताना! मागून सर ओरडले, "नाक!" मी काठी पुढे ढकलली, बूड सीटवरून सुटलं, पट्ट्यांनी खांदे धरले, जमीन काचेत भरली. "अजून. थांबा. वेग बघा." सुई ९० च्या पुढे गेली तेव्हा म्हणाले, "आता सरळ समोर, आता ब्रेक." समोर अजून भरपूर मैदान शिल्लक होतं. चाक टेकलं, खडखडत थांबलो, पंख हळूच कलंडून गवतावर टेकला.

मी वळून विचारलं, "केबल तुटली?" सर म्हणाले, "नाही. मी पिवळी ओढली."

न सांगता. मुद्दाम. मला आधी राग आला, मग रडू आलं, मग त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाले, "खरी तुटेल तेव्हा ती सांगून तुटणार नाही." लगेच पुन्हा रांगेत लावलं. त्या दिवशी आणखी दोनदा केलं. तिसऱ्या वेळी हात निळ्या मुठीकडे गेला नाही.

तेव्हापासून प्रत्येक उड्डाणाआधी, काच लावली की मी मोठ्याने म्हणते. मैदान आणि वारा बघून त्या दिवसाचे आकडे सरांकडून घ्यायचे आणि म्हणायचं: इतक्या उंचीपर्यंत सरळ समोर, त्यापुढे वळून छोटी फेरी, वळायचं कुठल्या बाजूला, कमीत कमी वेग किती. हो, चक्क मराठीत. शेजारी पंख धरून उभा असलेला पोरगा पहिल्यांदा हसला. आता तोही म्हणतो.

घरी हे सांगितलेलं नाही. सासूबाई हा धागा वाचत नाहीत अशी आशा.

---

सासवड_रोड
१४ जानेवारी, सकाळी ६:४०

अंगावर काटा आला. तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि सरांना माझा नमस्कार सांगा.

---

नफा_तोटा
१४ जानेवारी, सकाळी ९:१०

मी विरोधी पक्षात आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण न सांगता पिवळी ओढणारा गुरू मला कुठल्याच क्षेत्रात मिळाला नाही. आमच्याकडे सगळे सांगून परीक्षा घेतात आणि मग खरी केबल तुटली की सगळे निळी मूठ ओढतात.

---

जुना_कॅडेट
१४ जानेवारी, दुपारी ४:००

गच्चीवरून लिहितो आहे, वर पतंग, खाली नातवंडं.

उत्तराताई, आता तुम्ही थर्मलकडे येणार, म्हणून आपल्या माळव्याबद्दल थोडं. आपली काळी माती म्हणजे तवा. सोयाबीन निघाल्यावर नांगरून ठेवलेलं काळं शेत आणि त्याच्या शेजारी पाणी दिलेला हिरवा गहू: काळ्या शेतावरची हवा तापते, गव्हावरची नाही. तापलेली हवा लगेच उठत नाही, जमिनीला चिकटून फुगत राहते. मग एखादी झाडांची रांग किंवा रस्त्याचा बांध तिला धक्का देतो आणि ती सुटते. पीथमपूर, देवासकडचे पत्र्याच्या छपरांचे कारखानेही चांगले तवे. हिवाळ्यात सकाळी गार हवा खाली दबून असते, अकरा-बाराशिवाय काही उठत नाही. तोवर पोहे-जिलबी खाऊन घ्यावी.

एक आडाखा आम्हाला शिकवला होता, तो वहीत लिहा. हवेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते) यांतला फरक घ्या, त्याला १२५ ने गुणा. कापसासारखे ढग साधारण तितक्या मीटरवर तळ धरतात. तापमान ३४, दवबिंदू १४: फरक २०, म्हणजे अडीच हजार मीटर. माळव्यात एप्रिलमध्ये तापमान ३८ आणि दवबिंदू ८ असला की पावणेचार हजार. बहुतेकदा ढग दिसतच नाहीत एवढी हवा कोरडी, पण गरम हवा उठते. घारींना हा गुणाकार येतो.

---

शाळकऱ्याची_आई
१५ जानेवारी, दुपारी २:२०

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, दिवसभर संगणकावर विमानं उडवतो. हा धागा त्याला दाखवला आणि आता घरात शांतता नाही. त्या खेळाचा खऱ्या शिकण्यात काही उपयोग होतो का?

---

श्टुटगार्टची_इंदोरी
१५ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

होतो. मैदानाभोवतीची फेरी, कुठे वळायचं, किती उंचीला काय, हे डोक्यात बसतं. पण खेळणारी मुलं काट्यांकडे बघत उडवतात. खऱ्यात शिकवणारा सतत ओरडतो, "बाहेर बघ!" आणि पाय व बूड संगणकावर तयार होत नाही. काकू, त्याला आधी नुसतं मैदानावर एक दिवस नेऊन पंख धरायला लावा. दिवसभर उन्हात ढकलून संध्याकाळी "परत यायचं" म्हणाला तर तो तुमचा गेला.

पुढे त्याने मनावर घेतलं तर रजत बिल्ला असतो: ५० किलोमीटर अंतर, पाच तास हवेत, आणि केबल सोडल्यानंतरच्या सर्वांत खालच्या उंचीपासून हजार मीटर वर चढणं. माझे पाच तास तीन वर्षं अडले होते. पहिल्यांदा चार तास चाळीस मिनिटांनी खाली आले, कारण पाणी जास्त प्यायले होते. पुढचं समजून घ्या.

---

उत्तरा_रामबाग
१० फेब्रुवारी, रात्री १०:००

एकतिसावं उड्डाण. अजून एकटी गेलेले नाही, सर म्हणतात घाई नको, मीही म्हणते नको. उतरताना अजून नाक लवकर उचलते आणि ग्लायडर फुग्यासारखा पुन्हा वर तरंगतो. मग मागून काठी हलकेच धरली जाते.

पण काल दुपारी सव्वा वाजता, केबल सोडून दोन मिनिटं झाली असतील, डावा पंख कुणीतरी खालून बोट लावल्यासारखा उचलला. मी डावीकडे वळले. पाय बरोबर पडला, धागा मधोमध. सीटने ढकललं, आणि मग व्हॅरिओची पीं-पीं सुरू झाली. ३२० वर केबल सोडली होती. ४००. ४६०. सर गप्प. गप्पच! ५३० वर माझ्या लक्षात आलं की डाव्या पंखापलीकडे, आमच्याच गोलात, आमच्याच दिशेने एक घार फिरते आहे. ती आमच्याहून थोडी वर. मान वळवून तिने बघितलं, निदान मला तसं वाटलं, आणि शेपटी जराशी पिळून गोल लहान केला. सर मागून म्हणाले, "तिच्या मागे जा, तिला जास्त कळतं." सत्तावीस मिनिटं होतो वर. खाली आल्यावर रांगेतले लोक वैतागले होते, त्यांची पाळी गेली होती. मग चार तास मी एकटीने केबलची गाडी केली.

आता अडचण. चांगली हवा मार्च-एप्रिल-मेची, आणि मार्च माझा नसतो, सरकारचा असतो. ३१ तारखेपर्यंत ऑफिसातून हलता येणार नाही. एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारची बस आत्ताच काढून ठेवली आहे.

तोवर सराव म्हणून आमच्या गाडीच्या काचेवर बाहेरून लोकरीचा तुकडा चिकटवलाय, लाल. नवरा म्हणतो, लोक विचारतात हा कसला नवस.

---

गराडूवाला
१० फेब्रुवारी, रात्री १०:१५

ताई, गाडीवर धागा सरळच राहणार ना? गाडी बाजूला थोडीच घसरते.

---

उत्तरा_रामबाग
१० फेब्रुवारी, रात्री १०:२०

सुपर कॉरिडॉरवर संध्याकाळी आडवा वारा असतो. शेपटी चक्क डावीकडे जाते. आणि माझा उजवा पाय आपोआप दाबला जातो.

---

नफा_तोटा
१० फेब्रुवारी, रात्री १०:२४

उजव्या पायाखाली गाडीत काय असतं, आठवतंय ना?

---

उत्तरा_रामबाग
१० फेब्रुवारी, रात्री १०:२६

धागा काढला.